स्वयंपाकघराकडं बघणारा डोळा

वाघोलीच्या 'हरित वैभव' सोसायटीत हिरवं काय आहे असं विचारलं, तर लोक जिन्याचा कठडा दाखवतात. वैभव मात्र खरं आहे आणि ते बी विंगेत दुसऱ्या मजल्यावर राहतं. त्याचं नाव दत्तोबा. आज जिथं पार्किंग आहे तिथं त्यांचा गोठा होता, लिफ्टच्या जागी चिंच होती, आणि बी विंगेखाली त्यांची बुजवलेली विहीर आहे. ती नेमकी कुणाच्या स्वयंपाकघराखाली येते याबद्दल बिल्डिंगीत मतभेद आहेत. दत्तोबांच्या मते ती त्यांच्याच खाली येते. बिल्डरनं जमिनीच्या बदल्यात फ्लॅट देऊ केले तेव्हा त्यांच्या बायकोनं, सोजरबाईनं, हाच फ्लॅट मागून घेतला होता. पाणी सोडून लांब जायचं नाही, एवढंच ती म्हणाली होती. पुढे नळाला पाणी आलं नाही आणि टँकर लागले ही गोष्ट वेगळी.

हा माणूस निम्मं आयुष्य शेतावर उघड्यावर बाज टाकून झोपला. तिथं दारच नव्हतं, तर कडी कुठली? पण फ्लॅटमध्ये आल्यावर त्यांना काय झालं कोण जाणे. दाराला लॅच होतंच, त्यावर साखळी आली, मग पितळी कुलूप आलं, आणि शेवटी त्यांनी सुताराकडून सागवानी अडसर करून घेतला, वाड्या-गढ्यांना असतो तसला. चोर येईलच कसा, असं कुणी विचारलं, की दत्तोबा म्हणायचे, "शेतावर वाट दिसायची. हितं जिन्यातनं कोन चढतंय, काय कळतंय?" दत्तोबांकडे चहाला जायचं तर घरून चहा पिऊन निघू नये, कारण कुलपं उघडेपर्यंत पुन्हा तल्लफ येते, असं समोरच्या आनंदीबाई सांगत. आनंदीबाई बऱ्याच गोष्टी सांगत.

सोजरबाईचं तोंड दिवसभर चालू असे आणि दत्तोबांचं दिवसभर बंद. तिला सतत काही ना काही हवं असे. वरच्या फळीवरचा डबा काढून द्या, खिडकी अडकलीय ती ओढा, फ्रीजच्या मागचा बोर्ड हाताला चटका देतोय तो बघा, पिठाची पिशवी धरा. "अवं," अशी हाक यायची. दत्तोबा हॉलमधून म्हणायचे, "आलो." आणि जागचे हलायचे नाहीत. त्यांचं हे 'आलो' म्हणजे टँकरवाल्याचं 'निघालाय' होतं. दोघांच्याही बाबतीत तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय काही घडत नसे. सोजरबाईला ते पाठ होतं. ती पहिली हाक आधीच देऊन ठेवायची.

गेल्या वैशाखात एका संध्याकाळी टीव्हीवर कुस्ती लागली होती. मल्ल गुंतले होते, दोघांपैकी कुणीही पडायला तयार नव्हतं. आतून हाक आली.

"अवं, जरा हिकडं या की."

दत्तोबा म्हणाले, "आलो."

कुस्ती बरोबरीत सुटली. मग त्यांच्या लक्षात आलं की दुसरी हाक आलीच नाही.

सोजरबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आडवी होती, पाय आत आणि डोकं बाहेर, हॉलच्या बाजूला. म्हणजे हाक मारून ती निघाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय एका झटक्यात थांबलं, शेजारी कुणी उभं असतं तरी उपयोग नव्हता. मुलानं तेच सांगितलं, सुनेनं तेच सांगितलं, अंत्यविधीला आलेल्या गावानं तेच सांगितलं. दत्तोबा सगळ्यांना मान हलवत राहिले. 'आलो'बद्दल मात्र त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. आणि दुसरी एक गोष्ट त्यांना आतून कुरतडत राहिली, ती अगदी साधी होती. तिला काय हवं होतं?

त्या घराण्यात माणूस गेलं की त्याच्या जागी दिवा ठेवतात. दिव्याखाली ताटात पीठ पसरतात, वर पाटी पालथी घालतात, आणि दहाव्याला पाटी उचलून बघतात. पिठावर पाखराची पावलं उमटली तर माणूस पाखराच्या जन्माला गेलं, खूर उमटला तर गाईच्या. कुठंतरी गेलं, एवढं निदान कळतं. सोजरबाईचं ताट उंबऱ्याजवळच होतं. भावकीतल्या म्हाताऱ्या गोळा झाल्या, एकीनं पाटी उचलली, आणि नेमक्या त्याच वेळी मुलानं, विश्वजीतनं, घामाघूम पाहुण्यांची दया येऊन पंखा लावला. पीठ उडालं ते म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत. एक म्हणाली, पाखरू होतं. दुसरी म्हणाली, मुंगी. तिसरीनं वासराचा खूर पाहिल्याची शपथ घेतली. दत्तोबा दारातून येईपर्यंत रिकामं ताट उरलं होतं. उरलेलं पीठ सगळ्या घरभर.

सोजरबाई कुठं गेली हे कळायचं राहूनच गेलं. दत्तोबांच्या लेखी मग ती गेलीच नाही.

दिवाळीनंतर ए विंगेत चोरी झाली. घरातली माणसं लग्नाला गेली होती, चोर गॅलरीचं सरकतं दार उचकटून आत शिरला. सोसायटीच्या ग्रुपवर इतकी घबराट उडाली, की चोरालाही वाईट वाटलं असतं. विश्वजीत आणि त्याची बायको अपेक्षा दोघं हिंजवडीत नोकरीला होते आणि तिथंच राहत होते, कारण वाघोलीहून रोज हिंजवडीला जायचं म्हणजे माणसानं बसमध्येच संसार थाटायला हवा. एकट्या सासऱ्याची काळजी अपेक्षाला लागली. तिनं घरासाठी सेन्सर मागवले आणि बसवायला सुदर्शन नावाचा माणूस पाठवला.

सुदर्शन पेठेतला. शब्द असे देई, जणू उसने देतोय आणि परत मागणार आहे. त्यानं घरभर फिरून घेतलं आणि सांगायला सुरुवात केली. चोर पाहुण्यासारखाच येतो, दारातून, नाहीतर गॅलरीतून. म्हणून पुढच्या दाराला आणि गॅलरीच्या दाराला चुंबकाची एकेक जोडी, दार उघडलं की वाजणार. माणसाची हालचाल ओळखणारा डोळा हॉलच्या कोपऱ्यात, डोक्याच्या वर, असा की हॉल ओलांडणारा त्याच्यासमोरून आडवा जाईल. अंगावर सरळ चालून येणारा त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच. त्याचं तोंड खिडकीकडं नको, उन्हाकडं नको, गॅसकडं नको, कारण तो उष्णता बघतो, तोंड ओळखत नाही. धुराची घंटा झोपायच्या खोलीबाहेरच्या बोळात, छताच्या मध्यावर. कोपऱ्यात धूर उशिरा पोचतो, पंख्याजवळ टिकत नाही. दार लावून झोपत असाल तर खोलीत आणखी एक. स्वयंपाकघरात ती नको, फोडणीला ओरडेल. तिथं नुसती उष्णता ओळखणारी वेगळी मिळते.

दत्तोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यासमोरच्या भिंतीवर हात ठेवला.

"डोळा हितं लावा. तोंड आत."

सुदर्शननं भिंतीकडं पाहिलं, मग आतल्या खिडकीकडं, मग दत्तोबांकडं. "काका, चोर भाकरी न्यायला येणार आहे का?"

"यील बी."

"मर्जी तुमची. तसं त्याला कळवून ठेवा म्हणजे झालं."

दत्तोबांचा हात भिंतीवरच होता. जिथं ताट होतं ती जागा त्या भिंतीवरून बरोबर दिसत होती. आणि हे पीठ पंख्यानं उडणार नव्हतं.

डोळा तिथं बसला. दारांची चुंबकं दत्तोबांनी लावू दिली नाहीत, अडसर असताना ती कशाला? दिवसा नुसतं टिंगटिंग वाजावं आणि रात्री भोंगा, अशी व्यवस्था करून सुदर्शन निघून गेला. धुराची घंटा त्यानं सांगितल्या जागी बसवली होती, पण ती एक संध्याकाळच टिकली. सोजरबाई तिन्हीसांजेला गोवरीच्या निखाऱ्यावर ऊद घालून घरभर फिरवायची, ते दत्तोबांनी पुढे चालू ठेवलं होतं. ऊद बोळात शिरला आणि घंटेनं असा टाहो फोडला, की वरच्या मजल्यावरची माणसं कुकर गॅसवर टाकून खाली पळाली. दत्तोबांनी जळमटं काढायच्या काठीनं घंटा उतरवली, तिचा सेल काढला, आणि ती बाजरीच्या कोठीत ठेवून दिली. बाजरीला कीड लागली तर ओरडेल, अशी बिल्डिंगीत थट्टा झाली.

पण थट्टेचं पुढं काय झालं, ते बघा.

दोनचार संध्याकाळी गेल्या असतील. दत्तोबा हॉलमध्ये खुर्चीत बसलेले, टीव्ही बंद. कुस्तीच्या त्या संध्याकाळपासून टीव्ही बंदच होता. घरात दुसरं कुणी नाही. आणि स्वयंपाकघराकडं बघणारा डोळा लाल झाला.

टिंगटिंग.

उंबऱ्यावर कुणी नव्हतं. आत पडदा किंचित हलत होता, ओट्यावर तांबूस उजेड होता, आणि हंड्यावर झाकण होतं. एवढंच. ते खुर्चीचे हात धरून बसून राहिले. डोळा पुन्हा लाल झाला, पुन्हा वाजला. दुसरी हाक, दत्तोबांना वाटलं. तिसरीची वाट त्यांनी पाहिली नाही.

"आलो," ते म्हणाले, आणि खरंच उठले.

त्या दिवशी आत जाऊन त्यांनी वरच्या फळीवरचा डबा खाली काढला. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा टिंगटिंग. त्यांनी अडकलेली खिडकी ओढली. तिसऱ्या दिवशी कात्री, चौथ्या दिवशी पाटा. तिला काय हवं होतं हे कळत नव्हतं, म्हणून ते रोज एक काम करून बघत, आणि "हे का?" असं विचारून उभे राहत. उत्तर यायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा टिंगटिंग. म्हणजे ते नव्हतं.

दारं समोरासमोर असली तरी मागची भिंत एकच होती, त्यामुळे आनंदीबाईंना भिंतीतून सगळं ऐकू येई. भिंतीला कान असतात म्हणतात, या भिंतीला आनंदीबाई होत्या. रोज तिन्हीसांजेला आत घंटा वाजते, भावजी "आलो" म्हणतात, आणि मग भांड्यांचा आवाज. एकदा त्यांनी साखरेचं निमित्त करून दार वाजवलं. कुलपं, साखळी, अडसर असं सगळं उघडून दत्तोबा उभे राहिले. त्यांच्या खांद्यावरून आनंदीबाईंनी आत नजर टाकली, आणि नेमका तेव्हाच डोळा लाल झाला. उंबऱ्यावर कुणी नाही, भावजी इथं दारात, आणि घंटा वाजतेय. वाटी हातातच राहिली. साखर न घेता त्या घरी परतल्या. रात्रीच्या जेवणापर्यंत बातमी पार्किंगमधल्या वॉचमनपर्यंत गेली होती. मुलं दुसऱ्या मजल्यावरून जाताना पळायला लागली. विहीर बुजवताना नारळ फोडला नव्हता, असंही कुणाला तरी आठवलं. फोडला होता. सोजरबाईनंच फोडला होता.

बातमी हिंजवडीलाही पोचली. रविवारी अपेक्षा सुदर्शनला घेऊनच आली. सुदर्शननं खुर्ची उंबऱ्यासमोर ओढली आणि संध्याकाळ होईपर्यंत तो तिथं बसला, अवघडलेल्या पाहुण्यासारखा. उन्हं उतरली. समोरच्या टॉवरच्या काचांवर सूर्य आला, तिथून उलटून स्वयंपाकघराच्या खिडकीत शिरला, पडद्यावर पडला. पडदा हलला. टिंगटिंग.

"हा घ्या तुमचा चोर," सुदर्शन म्हणाला. "ऊन. मी आधीच सांगितलं होतं, पण मला आपलं सांगायची हौस."

ऊन दत्तोबांनाही दिसत होतं, ते काही आंधळे नव्हते. पण सोजरबाईला यायचं तर ती काय नगारे वाजवत येणार होती? उजेडाबरोबरच येणार. शेतावरही ती याच वेळी यायची, पाटीत भाकरी घेऊन, उन्हाच्या तिरिपेतून.

सेन्सर हलवायला त्यांनी नकार दिला. अपेक्षानं आधी गोडीनं सांगितलं, मग आकडेमोडीसारखं सांगितलं. पुढच्या दाराकडं बघायला डोळा नाही, आणि धुराची घंटा बाजरीत. उद्या खरा चोर आला, खरी आग लागली, तर घरातल्या एकाही यंत्राला कळणार नाही. शेवटी तिनं त्यांच्यासमोर खाली बसकण मारली.

"आबा, लोक काय म्हणतात त्याचं मला काही नाही. पण तुम्ही भिंतीशी बोलताय. विश्वजीत म्हणतोय, पुढच्या रविवारपर्यंत हे सगळं नीट जागी बसवा, नाहीतर संक्रांतीला सामान बांधायचं आणि आमच्याकडं यायचं. फ्लॅट भाड्यानं देऊन टाकू."

दत्तोबांनी वर पंख्याकडं बघितलं. "आन् तिनं हाक मारली तर?" त्यांनी विचारलं.

अपेक्षानं सुदर्शनकडं पाहिलं. सुदर्शन आपली पिशवी आवरायला लागला.

तो आठवडा दत्तोबांना जड गेला. डोळा हलवला तर ती हाक मारेल आणि पुन्हा ऐकू येणार नाही. नाही हलवला तर घर सुटेल, आणि ती रिकाम्या घरात भाडेकरूंना हाका मारत बसेल. भाडेकरू तर म्हणे पहिल्या हाकेलाच पळतील. ते रोज आत जात, रोज काहीतरी करत, रोज विचारत, "हे का?" डबे संपले, खिडक्या संपल्या. करण्यासारखं काही उरलं नाही.

शनिवारी आभाळ भरून आलं. हिवाळ्यात असं अवेळी ढग येतात तेव्हा वाघोलीतली धूळ खाली बसते आणि सगळं राखाडी होऊन जातं. समोरच्या टॉवरच्या काचा शिशासारख्या दिसत होत्या. दत्तोबांच्या अंगात कणकण होती. दुपारी ते झोपायच्या खोलीत दार ओढून घेऊन पडले, घोंगडी डोक्यावरून. आज ऊन नाही, त्यांच्या मनात आलं. आज ती यायची नाही. आज निजावं.

डोळा लागतोय तोवर बाहेर वाजलं.

टिंगटिंग.

दत्तोबांनी घोंगडीतून डोकं काढलं. खिडकीबाहेर तसाच राखाडी अंधार. ऊन नव्हतं, वाराही नव्हता. घरात ते एकटेच होते आणि तेही अंथरुणात. मन म्हणालं, उठू नकोस. दुसऱ्यांदा वाजलं. गेला महिना-दीड महिना रोज गिरवलेली सवय भीतीपेक्षा जुनी झाली होती, ती आधी उठली.

"आलो," ते म्हणाले. पाय जमिनीवर आलेच होते.

दार उघडलं तर बोळात विचित्र वास. जळक्या रबराचा, गोड, घशात बसणारा. ऊद नव्हता तो. स्वयंपाकघराच्या दारातून काळपट पट्टा वरच्या वर सरकत होता, छताला चिकटून, जिथं ती घंटा असायला हवी होती नेमका तिथं. आत फ्रीजच्या मागं निळसर, मग पिवळं काहीतरी जिभल्या चाटत होतं आणि त्यानं पडद्याची कड धरली होती.

दत्तोबा शेतकरी माणूस, पंपाची मोटार जळताना त्यांनी पाहिली होती. आधी मेन स्विच पाडला. मग कोठीखालचं पोतं ओढलं, हंड्यात बुचकळलं आणि पडद्यावर मारलं. फ्रीज खेचून पुढं घेतला, भिंतीवर उरलेला हंडा ओतला. धूर खिडकीतून बाहेर गेला. ती खिडकी त्यांनीच मोकळी केली होती, नाहीतर उघडली नसती. खोकत ते उंबऱ्यावर बसले, अगदी तिथंच, पाय आत आणि डोकं बाहेर.

भिंतीवर बोर्ड होता. होता म्हणजे वितळून ओघळलेलं काळं होतं.

फ्रीजच्या मागचा बोर्ड हाताला चटका देतोय.

तिनं किती वेळा सांगितलं होतं. विश्वजीतलाही फोनवर सांगितलं होतं, तो म्हणाला होता दिवाळीला आल्यावर बघतो. डबे, खिडक्या, कात्र्या, पाटा, सगळं करून झालं आणि हे तेवढं दत्तोबांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिला हेच हवं होतं, की आणखी काही, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. पण दत्तोबांनी ओला, काळा हात त्या भिंतीवर ठेवला आणि विचारलं.

"हे व्हय?"

बराच वेळ ते ऐकत बसले. डोळा लाल झाला नाही.

रविवारी सगळी आली. विश्वजीत आल्याआल्या फ्रीजच्या मागं वाकला. त्याला बोर्ड आठवत होता, हे दिसत होतं, आणि कुणी तो विषय काढला नाही. अपेक्षानं सामानाचं काहीही न बोलता आधी भिंत पुसायला घेतली. सुदर्शननं ओणवं होऊन भिंत, पडदा, फ्रीज सगळं तपासलं आणि समजावलं, की डोळा उष्णताच बघतो, ज्वाळा हलली, वाजला. मग त्यानं भिंतीवरच्या काळ्याचं माप हातानं घेतलं, तिथून डोळ्यापर्यंत बघितलं, फ्रीज पुन्हा जागी ढकलून बघितला.

"काय झालं?" अपेक्षानं विचारलं.

"काही नाही. फ्रीजच्या आड होतं सगळं. पडदा धरेपर्यंत या डोळ्याला दिसायला नको होतं, आणि पडद्याची तर नुसती कड जळलीय." त्यानं हात झटकले. "वाजतात कधी कधी."

दत्तोबा खुर्चीत बसून होते. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले, तेव्हा त्यांनीच हात वर करून उंबऱ्यासमोरची भिंत दाखवली.

"काढा ते तिथनं. तुमी म्हनला हुता तिथं लावा."

विश्वजीतनं चकित होऊन बायकोकडं पाहिलं. अपेक्षानं हळूच विचारलं, "आबा, नक्की ना? आई..."

"तिचं काम झालं," दत्तोबा म्हणाले.

मग सगळं रीतीनं बसलं. धुराची घंटा बाजरीतून निघाली, झटकली गेली आणि बोळाच्या मध्यावर छताला गेली. झोपायच्या खोलीत दुसरी आली. दोन्ही दारांना चुंबकाच्या जोड्या बसल्या. स्वयंपाकघरात उष्णतेची वेगळी, गॅसपासून अंतर राखून. ऊद घालायचा तर गॅलरीत, दार ओढून, असं ठरलं. डोळा हॉलच्या कोपऱ्यात चढला, पाठ उन्हाकडं, स्वयंपाकघरातून पुढच्या दाराकडं जाणारी वाट त्याच्यासमोर आडवी. संक्रांतीला सामान बांधायचं नाही, उलट आम्हीच तिळगूळ घेऊन येऊ, असं अपेक्षानं जाताना सांगितलं. सुदर्शन जाताना म्हणाला, आता चोरानं यायला हरकत नाही.

मंडळी गेली. दत्तोबांनी लॅच, साखळी, कुलूप, अडसर सगळं लावलं आणि खुर्चीत बसले. ढग सरले होते. समोरच्या काचांवरून सूर्य आला, स्वयंपाकघरात शिरला, नव्या पडद्यावर पडला, हलला, विझला. काही वाजलं नाही. हंड्यावर झाकण होतं. ते घर इतकं गप्प दत्तोबांनी कधी ऐकलं नव्हतं. सोजरबाई असताना नाही आणि नसतानाही नाही.

अंधारून यायला लागलं. दिवा लावायला उठावं असं त्यांच्या मनात होतं, अजून उठले नव्हते, हातही हलवला नव्हता.

कोपऱ्यातला डोळा लाल झाला.

टिंगटिंग.

दत्तोबांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं नाही. त्या वाटेचं दुसरं टोक जिथं होतं तिकडं पाहिलं, पुढच्या दाराकडं. ते उठले. अडसर काढून भिंतीला टेकवला, कुलूप उघडलं, साखळी सोडली, लॅच फिरवलं. नव्या चुंबकानं आपलं काम केलं, दार उघडताच तेही वाजलं. दार सताड उघडून ते एका बाजूला सरकून उभे राहिले, बायामाणसांना वाट द्यावी तसे, पाठ भिंतीला लावून. जिन्यात कुणी नव्हतं. लिफ्ट जिथं होती तिथं एके काळी चिंच होती.

आवाज ऐकून आनंदीबाईंनी समोरचं दार किलकिलं केलं. भावजी आपल्याच दारात आदबीनं उभे, दार उघडं, आणि आत-बाहेर कुणीही नाही.

"कोण आलंय का, भावजी?"

"आलं न्हाय कुनी," दत्तोबा म्हणाले. "गेलं."

थोडा वेळ थांबून त्यांनी दार ओढून घेतलं. आनंदीबाई कान देऊन उभ्या होत्या. लॅच लागल्याचा आवाज आला. साखळी, कुलूप आणि अडसराची त्या वाट पाहत राहिल्या, पण पुढं काहीच वाजलं नाही.

ही बातमी त्यांनी सकाळपर्यंत कुणालाही सांगितली नाही. बाकी सगळं बिल्डिंगीला पटलं, पण आनंदीबाई रात्रभर गप्प राहिल्या, यावर लोक अजूनही विश्वास ठेवायला तयार नाहीत.